ताउरिनोची गावकी

ताउरिनो वेलास्कोला खोटं बोलता येत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. माझ्या धाकटीच्या बाप्तिस्म्याला एवढं माणूस जेवलं, सगळ्यांनी टर्कीच्या रश्शाची तारीफ केली, आणि ज्याला मी मुलीचा धर्मपिता म्हणून मानाने पहिल्या खुर्चीवर बसवलं होतं तो हा बाबा म्हणाला, "कोमाद्रे, मीठ जरा हाताबाहेर गेलं." मुलीचा धर्मपिता आणि मुलीची आई एकमेकांना कोम्पाद्रे-कोमाद्रे म्हणतात, अहो-जाहो करतात. ते नातं आड आलं नसतं तर मी त्याला तिथेच एकेरीत झापला असता.

आम्ही दोघंही युकुकावाचे. मेक्सिकोतल्या वाहाकाच्या डोंगरातलं गाव, भाषा मिश्तेक. गावातली निम्मी घरं आता कुलपात आहेत, कारण त्यांतली माणसं इकडे कॅलिफोर्नियात, सांता मारियाच्या आसपास स्ट्रॉबेरी खुडतात. ताउरिनोही विशीत आला तेव्हा खुडायचाच. मग मुकादमाच्या लक्षात आलं की याला पाण्यातलं कळतं. तेव्हापासून तो ठिबकच्या नळ्या, पंप आणि व्हॉल्व्ह बघतो. मीही पूर्वी खोकी भरायचे. पाठ गेल्यावर दवाखान्यात दुभाषी म्हणून लागले, कारण आमच्या बायकांना धड स्पॅनिश येत नाही आणि डॉक्टरांना धड ऐकून घेता येत नाही.

शेतमजुरांना सरकारने सरसकट कागद दिले तेव्हा ताउरिनोला ग्रीन कार्ड मिळालं. त्याच्यावर त्याने बायकोला, ओतिलियाला, आणलं. मुलं इथेच झाली. नागरिक व्हायची त्याला कधी घाई नव्हती. "मत द्यायला मला इथलं कोण माहीत आहे?" असं म्हणायचा. पण त्याची आई, एपिफानिया मावशी, गावात एकटी राहते. ती गोठ्याच्या पायरीवरून पडली, मनगट मोडलं, आणि शेजारणीला कळलं ते दुसऱ्या दिवशी, शेळ्या ओरडायला लागल्या म्हणून. ग्रीन कार्डवर बायको आणता येते, मुलं आणता येतात, आई नाही. आईसाठी नागरिक व्हावं लागतं. हे कळलं त्या रविवारी तो चर्चमधून सरळ माझ्या दारात आला. टोपी हातात.

"कोमाद्रे, ती परीक्षा माझ्याकडून करून घ्या."

गावातल्या बऱ्याच जणांची मी करून घेतलेली आहे, माझ्या गॅरेजमध्ये, धुण्याच्या मशीनशेजारी बसून. शंभर प्रश्न असतात, त्यांतले दहा विचारतात, सहा बरोबर आले की झालं. पन्नाशी उलटली असेल आणि कार्ड वीस वर्षं जुनं असेल तर इंग्रजी यावंच लागतं असं नाही. आपल्या भाषेत परीक्षा देता येते, फक्त दुभाषी आपला आपण न्यायचा. ताउरिनो त्यात बसत होता. दुभाषी म्हणजे मी, हे त्याने मला न विचारताच धरलं होतं.

त्याला शिकवणं म्हणजे डोक्याला ताप. पाठांतर चांगलं, पण प्रत्येक उत्तराशी भांडण.

"फक्त नागरिकांवरच असते अशी एक जबाबदारी सांगा," मी विचारायचे.

"ज्यूरीवर बसणं."

"बरोबर. पुढचा."

"थांबा की. म्हणजे कोर्टात जाऊन बाकावर बसायचं?"

"हो."

"आणि रस्ता झाडायचा नाही? टाकी धुवायची नाही? सणाला बँडवाल्यांना जेवू घालायचं नाही?"

"नाही."

"आणि बसल्याबद्दल वर दिवसाचे पैसेही देतात म्हणे!" तो मान हलवायचा. "कोमाद्रे, अशाने देश कसा चालतो यांचा?"

"मस्त चालतो. तुम्ही इथे आलात ना पोट भरायला? पुढचा प्रश्न!"

आमच्याकडे गावकी असते, म्हणून त्याला हे नवल. युकुकावात पोलीस नाही, पगारी कारकून नाही, नळवाला नाही. ग्रामसभा पाळी लावते आणि ज्याच्या घराची पाळी, त्याने वर्षभर ते काम करायचं, फुकट, घरची भाकरी खाऊन. पहिली पाळी तोपिलची. मिसरूड फुटलं की पोराच्या हातात काठी देतात, आणि वर्षभर तो गावचा राखणदार. मग पाण्याची पाळी, शाळेची, देवळाची. पाळी चुकवली तर घराचं नाव सभेत पुकारत नाहीत, आणि ज्या घराचं नाव पुकारत नाहीत त्याला गावात कोणी विचारत नाही.

प्रश्नांची तयारी झाल्यावर मी त्याला बजावलं. "परीक्षेचे प्रश्न संपले की ती बाई दुसरी एक माळ सुरू करेल. कम्युनिस्ट होतात का, दारुडे आहात का, दोन बायका केल्यात का, दहशतवादी आहात का. रोब्लेदोने अर्जात सगळीकडे 'नाही' भरलंय. तुम्हीही नाही, नाही, नाही म्हणत जायचं."

रोब्लेदो म्हणजे गाडीच्या विम्याच्या दुकानात बसून लोकांचे अर्ज भरून देणारा. प्रश्न वाचून दाखवायचे कष्ट तो घेत नाही.

"दारुडा नाही हे खरं आहे," ताउरिनो म्हणाला.

"माहितीये मला. म्हणून तर नाही म्हणायचं."

मुलाखतीच्या दिवशी ओतिलियाने त्याला लग्नातला कोट घातला. तो पोटावर बसत नव्हता. दोन तास गाडी चालवून आम्ही कचेरीत पोचलो. दारात पट्टे काढा, खिसे रिकामे करा, मग वर जाऊन बसा. तिथे सगळे देश बसलेले असतात आणि सगळ्यांच्या मांडीवर तसलंच एक फोल्डर. शेजारचा व्हिएतनामी म्हातारा डोळे मिटून पुटपुटत होता. ताउरिनो मात्र भिंतीवरच्या पाण्याच्या कुलरकडे बघत होता, कारण तो गळत होता.

अधिकारी बाईंचं नाव मिसेस ट्रुइट. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला लटकवलेला, बोलणं सावकाश. दारातच त्यांनी दोघांना हात वर करून शपथ दिली. त्याला, खरं सांगेन म्हणून. मला, तो जे बोलेल तेच सांगेन, काही घालणार नाही आणि काही गाळणार नाही म्हणून. ही शपथ मी दवाखान्यात आणि कोर्टातही घेतलेली आहे. सवयीने तोंडातून निघून जाते.

पहिले प्रश्न पाण्यासारखे गेले. कायदे कोण करतं? काँग्रेस. ध्वजावर तेरा पट्टे का? पहिली तेरा राज्यं होती म्हणून. पश्चिम किनाऱ्याला कोणता महासागर? ताउरिनो म्हणाला, "पॅसिफिक. आमच्या मळ्याच्या शेवटच्या वाफ्यावरून दिसतो." मी तेही सांगितलं. मिसेस ट्रुइट जराशा हसल्या. सहाव्या बरोबर उत्तरालाच त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ही परीक्षा तुम्ही पास झालात."

ताउरिनोने माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत आईचं विमान उतरतच होतं. मग माळ सुरू झाली. कम्युनिस्ट? नाही. दहशतवादी? नाही. कुणाचा छळ केलात? नाही. सैन्यात होतात? नाही. मी भाषांतर करत होते आणि मनात परतीच्या वाटेवर कुठे जेवायचं ते ठरवत होते.

"कधी पोलीस दलात काम केलंत?"

मी सांगितलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की दगडालाही कळलं असतं.

"हो," ताउरिनो म्हणाला. "मी तोपिल होतो."

आता माझी पाळी. एका शब्दाचं काम होतं. 'नाही' म्हणाले असते तर त्या बाईला जन्मात कळलं नसतं, मिश्तेक काय तिला येत होती! पण हात वर करून बसले होते ना मी. मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि म्हणाले, "हो म्हणतात. गावचे राखणदार होते."

मिसेस ट्रुइटनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"तुरुंगात किंवा कोठडीत काम केलंत?"

"हो. पंचायतीच्या ओसरीला लागून खोली आहे. किल्ली माझ्याकडे असायची."

"तुम्ही माणसांना कोंडलंत?"

"सणाला जे फार प्यायचे त्यांना. सकाळी सोडायचो."

"कोणाकोणाला?"

"बँडमधल्या कोर्नेटवाल्याला दोनदा. एकदा माझ्या वडिलांना."

मी हेही जसंच्या तसं सांगितलं. त्या लिहीत होत्या.

"शस्त्र होतं?"

"काठी."

"काठीने कोणाला मारलंत?"

"कुत्र्यांना हाकलायचो. माणसांना नाही."

"पगार किती होता?"

ताउरिनोला हा प्रश्नच कळेना. मला म्हणाला, "नीट सांगा त्यांना, गावकी आहे ती. पगार कसला?" मी सांगितलं, गावाची सेवा, फुकट, सगळे करतात. मिसेस ट्रुइटनी अर्ज त्याच्यासमोर फिरवला. तिथे रोब्लेदोचे 'नाही' रांगेने बसले होते, आणि खाली ताउरिनोची सही. हे कसं, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, अर्ज भरणाऱ्याने मला हे विचारलं नाही, आणि मीही वाचून घेतलं नाही, ती चूक माझी. त्यांनी तेही लिहिलं. बाई वाईट नव्हत्या. आवाज चढवला नाही, घाई केली नाही. फक्त म्हणाल्या की निर्णय आज देता येणार नाही. गावाकडून दाखला आणा, हे काम काय होतं, कोणाच्या हुकमाने होतं, कोणाची तक्रार होती का. महिन्याभरात.

पार्किंगमध्ये गाडीचं दार लावेपर्यंत मी कसाबसा दम धरला. पुढे नाही राहवलं.

"एक 'नाही' म्हटलं असतं तर जीभ झडली असती?"

"पण होतो ना मी."

"कोण विचारायला आलं होतं युकुकावातून? ही बाई जाणार होती कोठडी बघायला?"

"तुम्ही तरी कुठे 'नाही' सांगितलंत?"

"मी शपथ घेतली होती!"

"मीही घेतली होती, कोमाद्रे."

मला आणखी राग आला. मी गाडी हमरस्त्यावर काढली. मग तोच बोलला, खिडकीकडे तोंड करून.

"शेत भावाने घेतलं आणि विकून शहरात गेला. घर आईच्या नावावर. मी सोळाव्या वर्षी वर्षभर काठी धरली, तेवढंच त्या गावात माझं आहे. तेही नव्हतं म्हणून सांगितलं तर मी कुठला?"

मला रडू आलं. राग तसाच होता आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरातून आम्ही गावच्या कारकुनाला फोन लावला. यंदा कारकुनाची पाळी फिदेन्सियोकडे, ताउरिनोच्या शाळेतला.

"अरे ताउरिनो! जिवंत आहेस होय? आम्हाला वाटलं स्ट्रॉबेरी होऊन खोक्यात गेलास."

ताउरिनोने काम सांगितलं. फिदेन्सियो गंभीर झाला.

"दाखला देतो की. पण ज्या घराने पाळी घेतलीय त्यालाच दाखला देता येतो. तुझ्या घराला यंदा पाण्याची पाळी लागलीय."

"दर वेळी मी बदली माणूस पाठवतो. या वेळीही पाठवतो."

"बदली बंद. सभेने ठरवलं. तुम्ही सगळे तिकडून भाड्याची माणसं पाठवता आणि इथे टाकीत बेडूक. आता घरचंच माणूस पाहिजे. ये, वर्षभराची टाकी अंगावर घे, शिक्का मी त्याच दिवशी स्वतः मारतो."

फोन ठेवल्यावर ताउरिनो ओट्याला टेकून उभा राहिला. जायला त्याची ना नव्हती, खरं तर पाण्याचं काम त्याच्या हातचा मळ. पण वर्षभर देशाबाहेर राहिला तर इथल्या सलग मुक्कामाची मोजणी तुटते. मग पुन्हा काही वर्षं थांबा, पुन्हा अर्ज, पुन्हा मिसेस ट्रुइट. तोवर मावशीचं कोण बघणार? न जावं तर दाखला नाही, आणि दाखला नाही तर नागरिकत्व नाही.

"तरी मी सांगत होते," मी म्हणाले.

"सांगत होतात," तो म्हणाला, आणि जाऊन मळ्यातल्या बॉसकडे वर्षाची रजा मागून आला. माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. याच्या पुढे डोकं फोडून उपयोग नव्हता.

त्याने आईला कळवलं की मी येतोय. मावशीने सगळं ऐकून घेतलं, का, कसं, किती दिवस, आणि म्हणाली, "तिकीट काढू नकोस. रविवारी सभा आहे."

पुढचं मला माझ्या बहिणीकडून कळलं, ती सभेला होती. म्हणजे दाराशी होती. आमच्याकडे सभेत घराचं नाव पुरुषाच्या नावाने पुकारतात, पुरुष बाकांवर बसतात, बायका दाराशी उभ्या राहतात. फिदेन्सियोने "ताउरिनो वेलास्को" पुकारलं. कोणी उठलं नाही. मग एपिफानिया मावशी दारातून आत आली, बाकांच्या मधून चालत पार टेबलापर्यंत गेली.

"पाळी घराची आहे ना? घरात मी राहते. मी करते."

सभा हसली. कोणीतरी म्हणालं, "मावशी, टाकी कुठे आहे माहितीये का? तिथवर चढता चढता जीव जाईल तुमचा."

"टाकी नव्हती तेव्हा तिथल्याच झऱ्यावरून तुझ्या आईच्या बाळंतपणाला पाणी कोणी आणलं, विचार तिला."

त्याची आई दाराशीच उभी होती. ती म्हणाली, "हिनेच." मग कोणी हसलं नाही. हात वर झाले. फिदेन्सियोने नाव खोडलं आणि नवं घातलं.

ताउरिनोला लाज वाटत होती, आणि ओतिलिया म्हणाली की रात्री ताटावर बसून तो म्हणत होता, "मी आईला इकडे आणायला निघालो आणि डोंगरावर चढवलं." पण दाखला आला, गावच्या शिक्क्यासकट. मी त्याचं इंग्रजी करून दिलं. तोपिल ही गावाची बिनपगारी सेवा, ताउरिनो वेलास्कोने ती पूर्ण केली, कोणाची तक्रार नाही. आम्ही तो पाठवला. काही आठवड्यांनी कळलं की अर्ज मंजूर, शपथविधीला या.

शपथविधी एका मोठ्या सभागृहात असतो. हजारभर माणसं, प्रत्येकाच्या हातात कागदी झेंडा. नातेवाइकांना मागे बसवतात. परक्या राजांवरची आणि राज्यांवरची निष्ठा सोडतो असं सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं असतं. ते मी ताउरिनोला आधी समजावून सांगितलं होतं, नाहीतर हा ऐन वेळी हात खाली करायचा. "युकुकावाला राजा कुठे आहे?" असं विचारून त्याने स्वतःची समजूत घातली होती. लांबून मला त्याचा वर केलेला हात दिसला. कोट अजूनही पोटावर बसत नव्हता.

बाहेर उन्हात आल्या आल्या त्याने आईला फोन लावला. आम्हालाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. मागे वारा होता. मावशी टाकीपाशी होती.

"आई, झालं. मी नागरिक झालो."

"झालास? देवाची कृपा. जेवलास का?"

"जेवतो. ऐका, उद्याच तुमचा अर्ज घालतो. थंडीच्या आत तुम्ही इकडे."

"अर्ज घालून ठेव. पण मी नाही येत."

ओतिलियाने माझा हात धरला.

"का, आई? मनगटाचं काही आहे का? डॉक्टर..."

"मनगटाला काय धाड भरली? वरच्या आळीचे न विचारता पाण्याच्या व्हॉल्व्हचं चाक उघडतात, त्यांच्यावर लक्ष ठेवायला नको? दर शनिवारी टाकी घासायची असते. वर्ष अर्ध्यावर टाकून आले तर लोक काय म्हणतील?"

"मी दुसरी काहीतरी सोय..."

"तुझी सोय नको. ताउरिनो, सभेत आता 'एपिफानिया ओर्तिस' म्हणून पुकारतात. तुझ्या बापाचं नाही, तुझं नाही, माझं नाव. मी 'आहे' म्हणते आणि बाकावर बसते. म्हातारी झाले आणि आत्ता कुठे बसायला मिळालं."

ताउरिनोने झेंडा बगलेत धरला आणि मोकळ्या हाताने डोळे पुसले. त्याला वाईट वाटलं होतं, ते स्पष्ट दिसत होतं, आणि तो ते लपवतही नव्हता. इतकी वर्षं मावशीने प्रत्येक फोनवर एकच विचारलं होतं, कधी येतोस, आणि प्रत्येक वेळी तो म्हणाला होता, हंगाम संपला की.

"बरं, आई," तो म्हणाला. "तुमची पाळी संपू द्या. मी थांबतो."